‘समजलं का?’ असं विचारू नका : सोलापूरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळींना, सिस्टर-ब्रदर यांना आणि दवाखाने चालवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका आहे. शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मी नोकरीला लागले तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० साली ते पहिलीपासून आलं. पुस्तकं किती वेळा बदलली, पण दवाखान्यातले शब्द काही सुटले नाहीत. डॉक्टर, नर्स, पेशंट, वॉर्ड, स्ट्रेचर, थर्मामीटर, प्रिस्क्रिप्शन. फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. पोरं घोकायची, मी दहापैकी गुण द्यायची. प्रिस्क्रिप्शनचं स्पेलिंग बरोबर आलं की वहीवर चांदणी काढायची.

त्या चांदण्यांचा दवाखान्याच्या दारात काडीचा उपयोग नसतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कसं कळलं ते आधी सांगते, कारण हे पत्र त्यातूनच आलंय.

ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्या दवाखान्याशी नाही, आणि ऑपरेशन चांगलंच झालं. आदल्या रात्री राउंडला आलेले तरुण डॉक्टर फाइलवर काहीतरी लिहीत म्हणाले, “काकू, सकाळी एनबीएम ठेवा हं यांना. फर्स्ट केस आपलीच आहे. समजलं ना?” मी म्हणाले, “हो.” कॉटच्या डोक्याशी एक पाटी होती, तिच्यावरही तीच तीन अक्षरं लिहून गेले. सकाळी सहाला ह्यांना चहाची तलफ आली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, तर मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून थर्मासमध्ये चहा आणला आणि सोबत दोन खारी. साडेसातला स्ट्रेचर घेऊन मामा आले, त्यांच्यामागून सिस्टर.

“यांना काही दिलं नाही ना?”

“नाही हो, नुसता चहा. आणि खारी.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटीकडे बघितलं. “मॅडम, एनबीएम लिहिलंय की इथं. निल बाय माउथ!”

आता बघा. ‘निल’ मी शिकवलेला शब्द. ‘बाय’ तर शब्दयोगी अव्ययांच्या धड्यात दर वर्षी येणारा. ‘माउथ’ शरीराच्या अवयवांत, चित्रासकट. तिन्ही शब्द मी एकतीस वर्षं शिकवले, आणि तिघं एकत्र आले तेव्हा नवऱ्याला खारी भरवली. दुधाच्या चहानंतर सहा तास थांबावं लागतं, तोवर पुढची यादी लागलेली. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

मी बाहेर बाकड्यावर बसून डोळे पुसत होते. तिथं फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. म्हणाल्या, “रडू नगा ताई. पोट रिकामं लागतंय बगा. भूल दिली की मानूस निजतंय, तसा गळा बी निजतोय. मंग पोटातलं वर आलं की छातीत शिरतंय. म्हनून पानी बी द्यायचं नसतंय.”

गळाही झोपतो. मी आजवर ऐकलेलं भूलशास्त्राचं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते, आणि त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मावशी सातवी शिकलेल्या. मला सांगून झाल्यावर त्या शेजारच्या कॉटवरच्या अक्कांकडे गेल्या आणि तेच त्यांनी तेलुगूत सांगितलं. अक्कांचंही ऑपरेशन होतं त्या दिवशी. त्यांना मात्र वेळेवर कळलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. आपल्याकडे दवाखान्यात सगळे नातेवाईकच असतात. सिस्टर म्हणजे बहीण, ब्रदर म्हणजे भाऊ, वॉर्डबॉय म्हणजे मामा, आया म्हणजे मावशी. फक्त डॉक्टरांना नातं नाही, आणि नेमका अर्थ त्यांच्याचकडे असतो. मग तो अर्थ डॉक्टरांकडून सिस्टरकडे, सिस्टरकडून मामाकडे, मामाकडून मावशीकडे असा झिरपत येतो आणि कुठंतरी आमच्या ओंजळीत दोन थेंब पडतात. माझं नशीब की मला त्या मावशी भेटल्या. कुणाला मिळत नसतील.

पण डॉक्टर, चूक मी तुमच्या पदरात टाकत नाही. त्या रात्री तुमच्यातल्याच त्या पोरानं मला विचारलं होतं, ‘समजलं ना?’ आणि मी ‘हो’ म्हणाले होते. हे ‘हो’ कुठून येतं ते शिक्षकापेक्षा कुणाला जास्त माहीत? साठ पोरांच्या वर्गात ‘समजलं का?’ म्हटलं की साठ तोंडांतून एका सुरात येतं, ‘होऽऽ बाई!’ पहिल्या दोन वर्षांत मी त्या ‘हो’वर विश्वास ठेवला आणि सहामाहीचे पेपर तपासताना डोकं धरून बसले. नंतर मी तो प्रश्न सोडून दिला. ‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देणं म्हणजे सगळ्यांसमोर मी मूर्ख आहे असं सांगणं. पोरं देत नाहीत, आणि साठ वर्षांची बाईही देत नाही. त्यात तिनं इंग्रजी शिकवलेलं असलं तर विचारूच नका.

माझ्या चहा-खारीची ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. तरी लोक माझ्याचकडे येतात. “बाई, तुमी इंग्रजीच्या ना, बगा की हे काय लिव्हलंय.” कुणी डिस्चार्ज कार्ड आणतं, कुणी सोनोग्राफीचा रिपोर्ट. मी चष्मा लावते आणि मला माझाच फळा आठवतो. मी शिकवलं होतं, फेअर म्हणजे गोरा. कार्डावर लिहिलेलं असतं, जनरल कंडिशन फेअर, म्हणजे प्रकृती बरी. टेंडर म्हणजे कोवळा, कोमल. आणि इथं पोट टेंडर आहे, म्हणजे दाबलं की दुखतं. स्टूल म्हणजे बसायचं, कल्चर म्हणजे संस्कृती, हे तर मी प्रश्नपत्रिकेत विचारलेलं. इथं स्टूल कल्चरला पाठवलेलं असतं, म्हणजे शौचाचा नमुना जंतू तपासायला. एका घरी नातवानं आजीच्या केसपेपरवर सी आणि ओच्या मधली तिरकी रेघ वाचली. पाकिटावरचा पत्ता त्याला ठाऊक, केअर ऑफ. तुमच्याकडे त्याचा अर्थ ‘तक्रार’ असा निघतो हे मी सांगितल्यावर तो आजीला विचारतो, “तू कुणाची तक्रार केलीस गं?” हसून हसून पुरेवाट झाली. गुडघ्याची तक्रार होती बिचारीची.

आणि विडीची गोष्ट तर मला सांगायलाच हवी, कारण ती सोलापूरखेरीज कुठं घडणार? आमच्या मागच्या गल्लीतल्या अक्का विड्या वळतात, रोजच्या हजार. खोकला हटेना म्हणून दाखवायला गेल्या. चिठ्ठीवर गोळीपुढं बी आणि डी ही दोन अक्षरं. मुलानं मोठ्यानं वाचलं, “पाच दिवस बीडी.” अक्का भडकल्या. “मी बिडी वळते, ओढत नाही! डॉक्टरला कुणी सांगितलं?” बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, हे मी त्यांना सांगितलं खरं, पण मलाही ते औषधाच्या दुकानातल्या पोराकडून कळलं होतं. ते इंग्रजी नव्हेच, ती लॅटिन. टीडीएस म्हणजे माझ्या लेखी बँकेनं ठेवीच्या व्याजातून कापलेला कर. तुमच्या चिठ्ठीत तो दिवसातून तीनदा. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक असं मी पोरांना शिकवलं. तुमच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ नेमका उलटा, गरज पडलीच तर घ्या, नाही पडली तर राहू दे. घाबरून सगळ्यात आधी तीच गोळी घेणारे मी पाहिले आहेत. वैद्यकीय परिषदेनं २०१६ साली नियम केला की औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावीत. चांगलंच केलं. पण बीडी कितीही ठळक लिहिली तरी अक्कांच्या घरी ती विडीच राहणार. त्यापेक्षा तुमच्यातले काही जण लिहितात ते ‘१-०-१’ मला फार आवडतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्याला भाषाच लागत नाही. हे ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याला मी दहापैकी दहा दिले असते.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

‘हार्ट फेल’ हा शब्द आपल्याकडे मराठी झालेला आहे आणि त्याचा अर्थ एकच, माणूस गेला. ‘काय झालं हो अण्णांना?’ ‘रात्री झोपेतच हार्ट फेल.’ आता अशा गावात तुम्ही आयसीयूच्या दारात उभं राहून म्हणता, “आजोबांना हार्ट फेल्युअर आहे.” आमच्या ओळखीच्या एका घरात हे वाक्य ऐकून थोरल्या मुलानं अक्कलकोटच्या बहिणीला फोन केला, बहीण रडत गाडीत बसली, इकडे चुलत्यांनी बाकीची तयारी विचारायला सुरुवात केली, आणि आजोबा आत उठून बसले होते. हृदय बंद पडलेलं नसतं, पंपाचा जोर कमी झालेला असतो. म्हणून पायाला सूज येते, आडवं झालं की धाप लागते. आणि औषधं नीट घेतली, मीठ-पाणी बेतानं ठेवलं तर माणूस पुढं कैक वर्षं काढू शकतो. हे कळायला त्या घराला दोन दिवस लागले. ‘हृदयाचा जोर कमी पडतोय’ एवढं म्हटलं असतं तर बहिणीचा प्रवास वाचला असता.

पॉझिटिव्हचंही तसंच. मी शिकवलं, पॉझिटिव्ह म्हणजे सकारात्मक, चांगलं. २०२० मध्ये कोरोनानं तो अर्थ पुसून टाकला. त्या वर्षी सोलापुरातल्या लहान पोरालासुद्धा कळलं की पॉझिटिव्ह म्हणजे दार बंद, गल्लीला बांबू. आता रक्तगट बी पॉझिटिव्ह आला म्हणून चेहरा पांढरा पडलेला मुलगा मी बघितलाय. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुन्हा तिसराच. त्या गाठीवर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, म्हणजे वाईटातली बरी बातमी. ती बातमी हातात धरून एक बाई माझ्या ओट्यावर रडत बसली होती. क्रॉनिक म्हणजे ‘फार सिरीयस’ असं निम्मं गाव समजतं. खरं तर तो नुसता जुनाट.

सगळ्यात जास्त दुखलं ते एका मुलीच्या कार्डानं. माझीच विद्यार्थिनी. तिसऱ्या महिन्यात रक्त जायला लागलं आणि सगळं संपलं. कार्डावर इंग्रजीत दोन शब्द, ‘इनकम्प्लीट अबॉर्शन’. तुमच्या पुस्तकात आपोआप झालेल्यालाही अबॉर्शनच म्हणतात, मला मान्य. पण ते कार्ड वाचलं कॉलेजात जाणाऱ्या दिरानं. त्याला अबॉर्शनचा एकच अर्थ माहीत. त्यानं तोच आईला सांगितला. “अबॉर्शन केलंय वहिनीनं.” पुढं त्या घरात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की आपल्या भाषेत या दोन गोष्टींमध्ये एका कान्याचं अंतर आहे. गर्भ पडला, आणि गर्भ पाडला. कोणत्याही अशिक्षित म्हातारीला हा फरक कळतो. ‘गर्भ आपोआप पडला आहे, कुणाचा दोष नाही’ असं एक वाक्य मराठीत त्या कार्डावर असतं, तर तो कानाच तिच्या बाजूनं उभा राहिला असता.

तुम्ही म्हणाल, बाईंना सगळं मराठीत पाहिजे. नाही हो. २०२२ साली भोपाळला एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत निघाली, त्यावर केवढी चर्चा झाली. मला त्या वादात पडायचंच नाही. तुम्ही कुठल्या भाषेत शिकलात यानं मला काही फरक पडत नाही. आणि पाट्यांवरचं मराठी बघितलं की इंग्रजी परवडलं असं होतं. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, विकृतीशास्त्र विभाग. रक्त तपासायला आलेल्या एका आजींनी ती पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि आत जायलाच तयार होईनात. “मला विकृती न्हाई, मला शुगर हाय.” ओपीडी, सलाईन, वॉर्ड, डिस्चार्ज हे शब्द आता आमचेच आहेत. इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं, दवाखाना फारसीतून आला, त्यांना कुठं आपण परत पाठवलं? शब्द कुठूनही येऊ द्या, सोबत अर्थ आला म्हणजे झालं.

आणि आमच्या बाजूचा गाढवपणाही कबूल करते. आम्हालाही इंग्रजी नाव ऐकल्याशिवाय बरं वाटत नाही. ‘अशक्तपणा आहे, नीट जेवा’ म्हटलं तर आम्ही डॉक्टर बदलतो. ‘एक बाटली लावा की डॉक्टर’ म्हणून हट्ट आम्हीच धरतो. त्या पाच टक्केवाल्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या एका भाकरीएवढीसुद्धा ताकद त्यात नाही. हे तुम्हाला माहीत असतं, तरी तुमच्यातले काही जण बाटली लावतात, कारण समजावण्यापेक्षा लावणं सोपं. असो. त्यावर वेगळं पत्र होईल.

उलटी बाजूही आहे. आमचे शब्द तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ठणका, कळ, चमक, जळजळ, मुरडा, ठसठस, उसण, शिणक, ओढ. गावाकडची बाई यातला एकही शब्द चुकीच्या जागी वापरत नाही. पित्ताच्या खड्याची येते ती कळ, पिकलेल्या नखुरड्याचा असतो तो ठणका, कमरेतून पायात जाते ती चमक, पोट बिघडलं की मुरडा. कणकण वेगळी, कसकस वेगळी, ताप वेगळा. अर्धं निदान ती बोलता बोलता हातात देते, आणि केसपेपरवर या सगळ्यासाठी एकच शब्द उमटतो, पेन. सरकारी कॉलेजात पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानातून, केरळातून आलेल्या पोरांना ‘शिणक’ कशी कळणार? त्यांना मी दोष देणार नाही. छत्तीस तास उभी असतात ती. पण त्यांना इथं आल्याबरोबर असे पन्नास शब्द कुणी लिहून दिलेत का, एवढं मला विचारायचंय.

त्यात हे सोलापूर. इथं एकट्या मराठीनंही भागत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कन्नड, बाजारात उर्दू. मी लहान असताना आमच्या गल्लीतले डॉक्टर समोर कोण बसलंय ते बघून विचारायचे, ‘एक्कड नोप्पी?’ नाहीतर ‘एल्लि नोवु?’ नाहीतर ‘कुठं दुखतंय?’ तेलुगू, कन्नड त्यांना धड येत नव्हती. चारच वाक्यं यायची, पण ती चार वाक्यं ऐकून अवघडून बसलेली बाई पदर सावरून बोलायला लागायची. याच गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांमध्ये होते. तिथं ते चिनी शिकले, नुसतं पेशंटशी बोलण्यापुरतं नव्हे, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायलाही लागले. १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले, तेवढ्या वेळात. त्यांच्या स्मारकाला पाहुणे आले की आपण कौतुकानं नेतो. चिनी राहू द्या, आपल्याला अशोक चौकापलीकडची तेलुगू पुरे.

कायद्याची भाषा मला फार येत नाही, पण जेवढं वाचलं ते आमच्या बाजूनं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. आजार काय, तपासण्या कोणत्या, उपचार कोणते, धोका काय, हे रुग्णाला त्याच्या समजुतीच्या पातळीवर, त्याला येणाऱ्या भाषेत सांगावं, असं तिच्यात आहे. २०२१ साली आपल्या राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं आलं. ज्या दवाखान्यात आम्ही होतो तिथं ती होती. शोभेच्या मोठ्या कुंडीच्या मागं, पानांमधून ‘हक्क’ एवढंच दिसत होतं. आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की पुरेशी माहिती देऊन घेतली तीच संमती खरी. मी मात्र ह्यांच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर जिथं फुली होती तिथं सही केली. इंग्रजीत होता, मला वाचता येत होतं, पण मागं रांग होती. ज्यांना वाचता येत नाही ते तर अंगठा उठवून मोकळे होतात.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. त्या योजनेत दवाखान्यात एक माणूस टेबल टाकून बसवला, त्याचं नाव आरोग्यमित्र. रेशनकार्ड कुठं जोडायचं, मंजुरी कधी येणार, सगळं तो सांगतो. म्हणजे कागद समजावायला माणूस लागतो हे सरकारला पटलं. पैशांच्या कागदाला मित्र मिळाला. आजाराच्या कागदाला अजून मिळायचाय.

माझी मागणी मोठी नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न टाकून द्या. त्याऐवजी विचारा, “काकू, उद्या सकाळी काय करणार, सांगा बरं मला.” मी त्या रात्री म्हणाले असते, “सकाळी लवकर आवरून ठेवते, चहा देते,” आणि तिथंच पकडली गेले असते. वर्गात मी हेच करायचे. एकाला उठवायचं आणि म्हणायचं, ‘तू बाई हो, मला शिकव.’ तो चुकला की कळायचं, मी कुठं चुकले. वेळ किती जातो म्हणाल तर अर्धं मिनिट. ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. म्हणून प्रत्येक वेळी नको. तीन ठिकाणी पुरे : ऑपरेशनच्या आदल्या रात्री, घरी सोडताना, आणि नवीन औषध सुरू करताना.

घरी सोडताना जे कार्ड देता त्याच्या पाठीमागची बाजू कोरी असते. तिच्यावर हातानं चार ओळी लिहून द्या. काय झालं होतं, काय केलं, घरी काय करायचं, आणि काय झालं तर धावत परत यायचं. चौथी ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत. तुम्हाला वेळ नसेल तर सिस्टरना सांगा, त्यांचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं असतं. तेही जमत नसेल तर आम्हाला बोलवा. आम्ही पाच निवृत्त शिक्षिका आहोत. एकीची मातृभाषा तेलुगू, एकीची कन्नड, एक उर्दू शाळेतून निवृत्त झालेली. तुम्ही तोंडानं सांगायचं, आम्ही लिहायचं, पेशंटला वाचून दाखवायचं आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. रिपोर्टचा अर्थ आम्ही आमच्या मनानं सांगणार नाही, ते तुमचं काम. पगार नको. दुपारी दोन ते चार बसायला खुर्ची आणि डोक्यावर पंखा द्या, मे महिन्यात सोलापुरात पंख्याशिवाय शुद्धलेखन टिकत नाही.

आणि त्या मावशींना एकदा मीटिंगला बोलवा. सगळ्यात शेवटच्या रांगेत नको, पुढं बसवा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सोलापूर

ता. क. मावशींचं बोलणं पत्रात घातलंय म्हणून परवा जाऊन त्यांना हे वाचून दाखवलं. हसल्या. मग म्हणाल्या, “ते ‘पानी बी द्यायचं नसतंय’ काढून टाका. तसं म्हनलं की लोकं पानी देत न्हाईत, नारळपानी देत्यात. ‘तोंडात कायबी घालायचं न्हाई’ असं लिवा.” मी वर बदललं नाही, त्या दिवशी त्या जसं बोलल्या तसंच ठेवलंय. पण तुम्ही पाटीवर लिहाल तेव्हा मावशींचं दुसरं वाक्य लिहा.